हा फॉरवर्ड ऑफसाइड आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेळा आला. दोनदा ठाण्यातल्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर, एकदा नेरुळच्या पालकांच्या ग्रुपवर आणि एकदा थेट माझ्या मेहुण्याकडून, ज्याने आयुष्यात कॅरमपलीकडे कशाला हात लावलेला नाही. शेवटी नेहमीचं 'पटलं तर पुढे पाठवा'. मला पटलं नाही, म्हणून उत्तर लिहितोय.

झेंडे आणि हात जोडलेले इमोजी वगळले तर मेसेजचा मजकूर साधारण असा: युरोपातले सगळे मोठे क्लब आपली बी टीम खालच्या लीगमध्ये खेळवतात. म्हणूनच स्पेन-जर्मनी वर्ल्ड कप जिंकतात आणि इंग्लंड १९६६ पासून हात चोळत बसलंय. बी टीम आली की छोट्या क्लबांना प्रेक्षक आणि पैसा मिळतो. तिला प्रमोशन, म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती, द्यायचं नाही, एवढा एक नियम केला की प्रश्न मिटला. भारतात हे कुणी करूनच पाहिलेलं नाही. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिच्या क्लबांनी आपल्या बी टीम देशाच्या खालच्या लीगमध्ये आणि मुंबईच्या लीगमध्ये उतरवाव्यात. विरोध करणारे छोटे क्लब फक्त आपली खुर्ची सांभाळतायत.

महाराष्ट्रात कुणाला 'बी टीम' म्हटलं की समोरचा संध्याकाळी पत्रकार परिषद घेतो. इथे शब्द सरळ अर्थाने घ्यायचा आहे. मोठ्या क्लबचा दुसरा, राखीव संघ. त्यात बहुतेक विशी-एकविशीची पोरं. आणि तो खालच्या लीगमध्ये इतर क्लबांसारखाच पॉइंटसाठी खेळतो.

माझा हितसंबंध आधीच सांगून टाकतो. ठाण्यातल्या एका लहानशा क्लबचं वेळापत्रक, नोंदणी आणि धुवायच्या जर्सी माझ्याकडे असतात. म्हणजे खुर्ची सांभाळणाऱ्यांत मी मोडतो. फक्त आमच्याकडे खुर्ची नाही, टचलाइनला उलटी घातलेली बादली आहे.

आता 'सगळे मोठे क्लब' हे प्रकरण. इंग्लंडमध्ये एकाही मोठ्या क्लबची बी टीम लीगच्या उतरंडीत नाही. अर्जेंटिनात राखीव संघांची स्वतंत्र स्पर्धा आहे, राखीव विरुद्ध राखीव. इटलीत २०१८ मध्ये युव्हेंटसने पहिला असा संघ सेरी सी म्हणजे तिसऱ्या पातळीवर उतरवला, त्यानंतर २०२३ मध्ये अटलांटा आणि २०२४ मध्ये मिलान. त्यातला मिलानचा संघ पहिल्याच मोसमात चौथ्या पातळीवर घसरला. जर्मनीत बुंडेसलिगा या सर्वोच्च लीगच्या क्लबांना राखीव संघ ठेवण्याची सक्ती होती, ती २०१४ मध्ये उठली आणि लेव्हरकुझेन व फ्रँकफर्ट यांनी लगेच आपले दुसरे संघ बंद करून टाकले. फ्रँकफर्टने काही वर्षांनी पुन्हा सुरू केला, ती गोष्ट वेगळी. जपानने तिसऱ्या पातळीच्या जे-थ्री लीगमध्ये २०१६ पासून तीन क्लबांच्या तेवीस वर्षांखालच्या संघांना घेतलं आणि २०२० संपेपर्यंत तिन्ही बाहेर पडले. स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समध्ये मात्र ही पद्धत चांगली रुजलेली आहे. 'सगळे' या शब्दाची किंमत एवढीच.

वर्ल्ड कपच्या दाव्याकडे येतो, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. २५ ऑक्टोबर २०१७ ला मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरुळला उतरलो. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, स्पेन विरुद्ध माली. स्पेन ३-१ ने जिंकलं. दोन गोल आबेल रुइझचे, एक फेरान तोरेसचा. रुइझ बार्सिलोनाच्या बी टीममधून खेळणारा, तोरेस व्हॅलेन्सियाच्या राखीव संघातून वर आलेला. मेसेज लिहिणारा त्या दिवशी माझ्या शेजारी बसला असता तर त्याने तिथेच मजकूर टाइप करायला घेतला असता.

पण तीन दिवसांनी कोलकात्यात फायनल झाली. स्पेन २-० ने पुढे होतं आणि सामना संपला तेव्हा फलक ५-२ होता, इंग्लंडच्या बाजूने. फोडेनचे दोन, ब्रूस्टर, गिब्ज-व्हाइट आणि गेही यांचा एकेक. ज्या देशात बी टीमला लीगचं दार बंद आहे त्या देशाची ही पोरं. त्याच वर्षी इंग्लंडने वीस वर्षांखालचा वर्ल्ड कपही जिंकला होता. पुढे या मुलांना मोठ्यांचं फुटबॉल मिळालं कुठे? गेही आणि ब्रूस्टर लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, स्वान्सीला गेले. गिब्ज-व्हाइट शेफिल्ड युनायटेडला. त्याच संघातला कॉनर गॅलाघर आधी चार्ल्टन आणि मग आणखी तीन क्लब फिरून आला. फोडेन कुठेच गेला नाही, मँचेस्टर सिटीच्या मुख्य संघाबरोबरच राहिला आणि तिथेच मोठा झाला.

इंग्लंडच्या सीनियर संघाने १९६६ नंतर वर्ल्ड कप जिंकलेला नाही हे खरंच आहे, आणि २०२४ च्या युरो फायनलमध्ये त्यांना स्पेननेच २-१ ने हरवलं हेही खरं. पण बी टीम नसणं हे जर त्याचं कारण असेल, तर इटलीने २००६ मध्ये वर्ल्ड कप कसा जिंकला? तेव्हा इटलीच्या लीगमध्ये एकही राखीव संघ नव्हता. २०२२ मध्ये अर्जेंटिना कसं जिंकलं? (मेस्सी बार्सिलोनाच्या सी आणि बी संघांतून गेला आहे, हे कुणीतरी सांगणारच म्हणून मीच सांगतो. एका मेस्सीवरून पद्धत ठरवायची तर त्याच्या जन्मगावचं, रोझारिओचं पाणीही मागवावं लागेल.)

मेसेजमध्ये नाही, पण असायला हवं होतं असं एक उदाहरण मी माझ्या विरोधात देतो. २००७-०८ मध्ये बार्सिलोनाची बी टीम स्पेनच्या चौथ्या पातळीवर घसरलेली होती आणि तिचा प्रशिक्षक होता ग्वार्दिओला. त्या संघात बुस्केट्स आणि पेद्रो होते. दोन वर्षांनी, २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये हे दोघेही पहिल्या अकरांत. याहून मोठी जाहिरात बी टीमची होऊ शकत नाही. पण त्याच अकरांत झाबी अलोन्सो होता, जो तरुणपणी लोनवर आयबारला खेळला, आणि पिके होता, जो सारागोसाला लोनवर होता. जर्मनीच्या २०१४ च्या विजेत्या संघात थॉमस म्युलर बायर्नच्या दुसऱ्या संघातून आलेला, पण कर्णधार लामला बायर्ननेच दोन मोसम श्टुटगार्टला पाठवलं होतं आणि क्रूसला लेव्हरकुझेनला. घरातली दोन मुलं, एक शिकवणीला जाऊन पास होतं, एक घरी बसून. निकाल लागल्यावर श्रेय एकट्या शिकवणीचं कसं म्हणायचं?

या दाव्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे. अठरा ते एकवीस या वयात पोराला मोठ्या माणसांविरुद्ध, पॉइंट पणाला लागलेल्या मॅच लागतात. आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध तो कितीही चमकला तरी, तीस वर्षांचा, घरी दोन लेकरं असलेला, हरलं तर बोनस बुडणार हे ठाऊक असलेला डिफेंडर कोपर कुठे घालतो, हे त्याला कोपर खाल्ल्याशिवाय कळत नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कोपर खायला त्याने आमच्या क्लबची जर्सी घालून यायचं, की स्वतःच्या क्लबचा अख्खा संघ घेऊन आमच्या जागेवर येऊन बसायचं.

'छोट्या क्लबांना प्रेक्षक आणि पैसा'. याचा प्रयोग झालेला आहे, आणि झाला तो इंग्लंडमध्येच. फुटबॉल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी २०१४ च्या मे महिन्यात 'लीग थ्री' नावाची नवी पायरी सुचवली होती, बी टीम घुसवण्यासाठी. छोट्या क्लबांनी ती उधळून लावली. मग २०१६-१७ पासून तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या क्लबांची जी कप स्पर्धा आहे, ईएफएल ट्रॉफी, तिच्यात मोठ्या अकादम्यांचे १६ तरुण संघ घेतले. प्रेक्षक वाढण्याऐवजी चाहत्यांनी बहिष्कार घातला. गटातल्या सामन्यांना स्टँडच्या स्टँड रिकामे. आणि का येतील लोक? मँचेस्टरचा किंवा चेल्सीचा मुख्य संघ आला तर गाव लोटेल; त्यांची एकोणीस वर्षांची पोरं बघायला पाहुण्यांकडून चार पालक आणि एक एजंट येतो. स्थानिक संघाच्या कमाईत पाहुण्या चाहत्यांची तिकिटं आणि त्यांनी प्यायलेली बिअर हा मोठा भाग असतो, आणि राखीव संघाला पाहुणे चाहतेच नसतात.

त्या स्पर्धेत आणखी गंमत झाली. दुबळा संघ उतरवला तर दंड, असा नियम होता. ब्रॅडफर्ड सिटीला आपला दुसरा गोलकीपर खेळवायचा होता. त्यांनी पहिल्या गोलकीपरला, कॉलिन डॉइलला, मैदानात उतरवलं आणि तिसऱ्या मिनिटाला बदललं. नियम पाळला गेला, संध्याकाळचा तमाशा झाला. स्पर्धेवरचा विश्वास उडाला की क्लब असेच वागतात. अर्थात फायनलला दोन खरे क्लब आले की वेम्बली भरते: २०१९ मध्ये पोर्ट्समथ-सुंदरलंड बघायला ८५,०२१ लोक होते. त्यातला एकही माणूस कुठल्याही बी टीमसाठी आलेला नव्हता.

आता तो 'एवढा एक नियम'. मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते ज्याने लिहिलं त्याने कधी लीगच्या शेवटच्या महिन्याचं पॉइंट टेबल हातात धरलेलं नाही.

१९८३-८४ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या पातळीवर पहिला आला रेआल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया, दुसरा आला बिल्बाओचा राखीव संघ. दोघांनाही वर जायची परवानगी नाही. वर गेले तिसरा, चौथा आणि पाचवा. २०१५-१६ मध्ये पोर्तुगालची दुसरी लीग पोर्टोच्या बी टीमने जिंकली आणि वर दुसरेच गेले. २०१७-१८ मध्ये नेदरलँड्सची दुसरी लीग योंग आयाक्सने जिंकली, थेट वर गेला उपविजेता फोर्टुना सिटार्ड. २०१९-२० मध्ये जर्मनीची तिसरी लीग बायर्नच्या दुसऱ्या संघाने जिंकली, पुन्हा तीच कथा. ठाण्याच्या लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण रोज बघतो. पण तो माणूस निदान नंतर येऊन बसतो तरी. इथे रुमाल टाकणारा पहिल्या नंबरने आत शिरतो, सीटवर रुमाल ठेवतो आणि दारातच उभा राहतो.

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं, छोट्या क्लबांना उलट एक जागा जास्त मिळाली. बिघडतं ते असं. एप्रिलमध्ये प्रमोशनच्या शर्यतीतले दोन क्लब त्याच बी टीमशी खेळतात. पहिल्याविरुद्ध तिच्यात मुख्य संघातून फिट व्हायला पाठवलेले तीन खेळाडू असतात. पुढच्या आठवड्यात ते तिघे वर परत गेलेले असतात, आणि दुसऱ्याला सतरा वर्षांचा सेंटर बॅक मिळतो. दोघांना मिळालेली परीक्षा वेगवेगळी, मार्क मात्र एकाच यादीत. हे थांबवायला कोण किती सामन्यांनंतर खाली येऊ शकतो, कुठल्या वयाचा मोकळा, असे पोटनियम करावे लागतात. म्हणजे नियमाला नियम चिकटत जातात.

आणि वरचा संघ घसरला तर? २०११-१२ मध्ये व्हियारेआलचा मुख्य संघ स्पेनच्या पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आला. त्यांची बी टीम तेव्हा दुसऱ्याच पातळीवर होती आणि आपल्या खेळावर सुरक्षित राहिली होती. पण एका क्लबचे दोन संघ एका पातळीवर चालत नाहीत, म्हणून तिला तिसऱ्या पातळीवर ढकललं. त्या पोरांनी वर्षभर जे कमावलं ते त्यांच्याच थोरल्या भावांनी शेवटच्या दिवशी घालवलं. त्यामुळे खाली जाण्याचं आख्खं गणितही हललं, कारण बी टीमने एक जागा अडवली म्हणजे खेळून घसरलेला कुणीतरी वाचला.

कपचंही तेच. ४ जून १९८० रोजी स्पेनच्या कप फायनलला रेआल माद्रिद विरुद्ध कास्तिया असा सामना झाला, तोही माद्रिदच्याच मैदानावर. ६-१. कास्तियाच्या पोरांनी त्या वर्षी बिल्बाओ आणि रेआल सोसिएदादसारख्यांना घरी बसवलं होतं, पराक्रमच होता तो, नाही म्हणत नाही. पण बाप-लेकांच्या फायनलनंतर काही वर्षांनी स्पेनने कपमधून राखीव संघ बाहेर काढले आणि २००८ मध्ये जर्मनीनेही. ज्या देशांचे दाखले मेसेजमध्ये दिलेत त्यांनीच एकामागून एक कुंपणं घातली आहेत. 'एवढा एक नियम'!

'भारतात कुणी करूनच पाहिलेलं नाही.' इथे मात्र मेहुण्याला फोन लावून बोललो. २०१७-१८ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये आयएसएल क्लबांचे राखीव संघ होते. प्रमोशनचा हक्क त्यांना नव्हता, म्हणजे मेसेजमधला जादूचा नियमसुद्धा वापरून झाला. त्यात एफसी पुणे सिटीचा राखीव संघ होता. तो मुख्य क्लबच २०१९ मध्ये बंद पडला. त्याआधीपासून, २०१० पासून, भारतीय फुटबॉल फेडरेशनचा स्वतःचा तरुण संघ, इंडियन ॲरोज, मधल्या खंडासह थेट आय-लीगमध्ये खेळला. खाली उतरण्याची भीती त्याला नव्हती. जेजे, प्रीतम कोटाल, नंतर जीक्सन सिंग अशी चांगली माणसं त्यातून आली, हे मान्य. २०२२ मध्ये तोही गुंडाळला आणि त्याच वर्षी तरुण संघांची वेगळी डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. बेंगळुरूने पहिल्या दोन्ही वेळा ती जिंकली आणि शिवशक्ती नारायणन तिथून त्यांच्या मुख्य संघात गेला. आपल्याच घणसोलीतल्या यंग चॅम्प्स अकादमीची मुलं त्या लीगमध्ये खेळतात. कोलकात्याच्या लीगमध्ये तर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान अलीकडे बहुतेक राखीव, तरुण खेळाडूच उतरवतात. करून पाहिलेलं नाही म्हणे.

मुंबईपुरतं एक जास्तीचं. मोठा मालक आला की लीगला स्थैर्य येतं, असं मेसेजमध्ये अध्याहृत आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला, २०१७ मध्ये संपला. मालकाच्या एका बैठकीत मुख्य संघ जाऊ शकतो, तिथे त्याची बी टीम खालच्या लीगमध्ये किती वर्षं टिकेल? आणि ती गेली की तिच्यासाठी दहा वर्षांपूर्वी खाली सरकवलेला वसईचा नाहीतर कळव्याचा क्लब तोवर शिल्लक असतो का? शिवाय २०२४-२५ च्या मोसमापर्यंत आयएसएलमधून एकही क्लब खाली उतरलेला नाही. वरच्यांनी कधी घसरायचं नाही, आणि खालच्या जिन्यावरही त्यांचीच दुसरी माणसं बसवायची, हे जरा जास्त होतं.

आता खुर्ची. आमच्या क्लबला दक्षिण मुंबईत कूपरेजच्या मैदानावर सकाळी आठची मॅच असेल तर पोरं पहाटे ठाण्याहून पहिल्या-दुसऱ्या लोकलने निघतात. सरावाला महापालिकेचं मैदान, तेही टेनिस बॉल क्रिकेटचा मंडप घातलेला नसेल तेव्हा. नाहीतर घोडबंदर रोडला तासाच्या भाड्याने टर्फ, जिथे अकरा जण मावत नाहीत. गोलकीपर डिलिव्हरीचं काम करतो आणि मॅचच्या दिवशी ॲप बंद ठेवतो. मागे एका मोठ्या क्लबच्या तरुण संघाशी आमचा मैत्रीपूर्ण सामना झाला. ते फिजिओ, आइस बॉक्स आणि केळ्यांचे दोन घड घेऊन एसी बसने आले, ४-० ने जिंकले, आणि जाताना उरलेली केळी आम्हाला देऊन गेले. मुलं छान होती, हे मुद्दाम सांगतो. पण तो संघ आमच्या डिव्हिजनमध्ये येऊन पहिला आला असता तर त्याला काय मिळालं असतं? काही नाही. आणि त्याला जागा द्यायला जो क्लब खाली गेला असता, त्याचं बरंच काही गेलं असतं.

इटलीची एक गोष्ट मला त्यातल्या त्यात बरी वाटते. तिथे राखीव संघाला जागा मिळते ती एखादा क्लब आर्थिक कारणाने नोंदणी करू शकला नाही आणि जागा रिकामी राहिली तर. कुणाला उठवून नाही. मुंबईच्या लीगमध्ये खरोखरच संघ कमी पडत असतील तर तेवढ्यापुरतं मी भांडणार नाही.

पण माझं ऐकाल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. तुमच्या राखीव संघातली तीन-चार पोरं एका मोसमासाठी आमच्याकडे द्या. पगार, बूट आणि रेल्वेचा पास तुमचा. मिनिटं आणि कोपर आमचं. आमच्या लेफ्ट बॅकचं लग्न ठरलंय, मुलगी नाशिकची आणि नोकरीही तिथेच मिळालीय, त्यामुळे नोव्हेंबरपासून ती जागा रिकामी आहे.